परतीची गाडी

वयाची पंचाहत्तर वर्षं पुरी झाली की महाराष्ट्रात एस.टी.चा प्रवास फुकट होतो. ही सवलत २०२२ च्या ऑगस्टात सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात मी तिला लायक झालो. सरकारची एखादी योजना आणि माझं वय यांचा सांधा असा जुळल्याचं माझ्या आयुष्यात दुसरं उदाहरण नाही. पण सरकारला एक गोष्ट कोणी कळवली नसावी. ज्या वयात खिडकीतून दौलताबादचा डोंगर दिसला की माझे तळपाय शिवशिवायचे, त्या वयात भाड्यासाठी आठवडाभर चहा सोडावा लागे. आता भाडं माफ झालं, तर गुडघ्यांनी संप पुकारला. कार्ड दाखवून मी खिडकीशी बसतो आणि डोंगर मागे जाताना बघतो, एवढंच आता उरलंय.

मी गंगापूरचा. गंगापूर म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला नाशिकचं धरण आठवतं. लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनाही तेच आठवलं होतं आणि 'पाण्याची ददात नाही' या समजुतीवर त्यांनी मुलगी दिली. आमचं गंगापूर औरंगाबादच्या नैर्ऋत्येला. काळी सपाट जमीन, दक्षिणेला गोदावरी, रेल्वे हवी असेल तर लासूरला जा, आणि डोंगर हवा असेल तर आधी औरंगाबाद गाठा. गावात चढण्यासारखी उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावर चढायला नगरपालिकेची मनाई.

(औरंगाबाद २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालं आहे आणि नगर २०२४ पासून अहिल्यानगर. एस.टी.च्या पाट्याही बदलल्या. पण ही हकिगत जुनी आहे, म्हणून त्या वेळच्या पाटीवर जे नाव होतं तेच लिहितो. नाहीतर माझीच गाडी चुकायची.)

पुण्यामुंबईच्या मंडळींना सह्याद्री म्हणजे परसदार. आमच्याकडे डोंगरात जायचं म्हणजे आधी एक एस.टी., मग दुसरी एस.टी. आणि मग पाय. पण या व्यवस्थेत एक गंमत आहे आणि ती मोटारवाल्यांना जन्मात कळायची नाही. मोटारवाला जिथं मोटार ठेवतो तिथंच त्याला झक मारत परत यावं लागतं. एस.टी.वाला डोंगराच्या एका अंगाने चढतो आणि दुसऱ्या अंगाने उतरून दुसऱ्याच फाट्यावर हात दाखवतो. त्याच्या मागे दोरी नसते. असते ती फक्त परतीच्या गाडीची वेळ. पण ती दोरीसुद्धा चांगली गळ्याला काचते, हे पुढे येईलच.

अशा वाटा आमच्या जिल्ह्यात पुष्कळ. सगळ्यात स्वस्त म्हणजे शहरातलीच, बीबीच्या मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांची. पश्चिमेकडची लेणी पाहायची, मग डोंगराच्या कडेकडेने पूर्वेकडची गाठायची आणि खाली विद्यापीठाच्या बाजूला उतरायचं. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती संकटात सापडलेल्या माणसांची शिल्पं आहेत. कुणाला आगीने, कुणाला हत्तीने, कुणाला बुडत्या जहाजाने गाठलंय. त्यात एस.टी. चुकलेला माणूस मात्र नाही. दुसरी वाट म्हैसमाळची. गिरिजादेवीचं देऊळ, पावसाळ्यात धुकं, आणि 'मराठवाड्याचं महाबळेश्वर' अशी ख्याती, जिच्यावर महाबळेश्वरकरांनी अजून खटला भरलेला नाही. पितळखोऱ्याला कन्नडहून पुढे जावं लागे. पायऱ्या उतरून, ओढा ओलांडून लेण्यांत शिरायचं. तिथली वाट सुंदर, गाड्या तुरळक. पण राणीसाहेब म्हणाल तर एकच: दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. किल्ला चढून उतरायचा, घाटाने रौजाला म्हणजे खुलताबादेला जायचं आणि पलीकडे वेरुळात उतरायचं. एका दिवसात यादव, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि राष्ट्रकूट. शाळेच्या पुस्तकाला याच्यासाठी तीन इयत्ता लागतात.

या वाटेवर मी दहा-बारा वेळा गेलो असेन. पण लिहिण्यासारखी एकच खेप. १९७४ च्या डिसेंबरातली, अण्णांबरोबरची.

अण्णा म्हणजे माझे वडील. आडत दुकानावर मुनीम होते. गंगापुरात आणि पंचक्रोशीत ते एका प्रश्नासाठी प्रसिद्ध होते. कोणी कुठंही निघालं की अण्णा विचारत, "परतीची गाडी कितीला?" लग्नाला निघा, परीक्षेला निघा, पंढरीला निघा. माझी थोरली बहीण सासरी निघाली तेव्हा सगळा मांडव रडत होता. अण्णांनी जावयाला बाजूला घेऊन विचारलं, "परतीची गाडी कितीला?" जावयाने पुढे सहा महिने तोंड दाखवलं नाही. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. गल्लीतली अंत्ययात्रा निघाली की माझा धाकटा भाऊ हळूच माझ्या कानात तोच प्रश्न कुजबुजायचा आणि मग मला खांदा द्यायच्या ऐवजी उपरणं तोंडात कोंबावं लागे.

दुसरी गोष्ट म्हणजे हौसेने चालणं त्यांना मंजूर नव्हतं. "गाडी असताना पायी कोण जातं? एक तर वारकरी, नाहीतर पळपुटा." मी रविवारी शबनम पिशवीत भाकरी आणि ठेचा घालून निघालो की ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की हा यातला नेमका कोण. शेवटी एका रविवारी स्वतःच म्हणाले, "चल, मी येतो. बघू तरी काय करतोस." हेर म्हणून आले, हे मला तेव्हाही माहीत होतं. बरोबर आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर. मास्तरांना दोन व्यसनं होती, तपकीर आणि इतिहास. दोन्ही ते चिमटीचिमटीने सतत घेत आणि समोरच्याला शिंका येत.

गंगापूरहून पहाटेची गाडी, औरंगाबादला बदलून कन्नडकडची. गाडी सुरू झाल्याबरोबर मास्तरांनी एस.टी.पासूनच सुरुवात केली. "अण्णा, पहिली एस.टी. कधी सुटली ठाऊक आहे? १ जून १९४८. पुण्याहून नगरला. कंडक्टर लक्ष्मण केवटे." अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याकडची नव्हे." ते खरंच होतं. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाच्या बसगाड्या त्याही आधीच्या. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस गाड्यांवर हे खातं सुरू केलं. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली सगळ्यांचं मिळून आजचं महामंडळ झालं. म्हणजे गोदावरीच्या अलीकडे एक बस, पलीकडे दुसरी, आणि मध्ये कायगावला निजामाची हद्द. नदीपलीकडचं टोकं हे नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. सरहद्द ओलांडायची तर करोडगिरी नाक्यावर माल दाखवायचा आणि जकात भरायची. मास्तर म्हणाले, "अण्णा, तुम्ही त्या वर्षी नगरकडेच होतात ना? ती पहिली गाडी पाहिली असेल!" अण्णा म्हणाले, "आम्हाला गाड्या बघायला सवड नव्हती." आणि त्यांनी मला विचारलं, "परतीची कितीला?"

मी वेळ सांगितली. त्यांनी ती तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतली.

किल्ल्याखाली उतरलो. दौलताबादचा किल्ला म्हणजे शेताच्या मध्यावर कोणी सुमारे दोनशे मीटर उंचीचा पालथा पेला ठेवावा आणि त्याचा खालचा भाग छिन्नीने तासून काढावा तसा आहे. बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमाने इथं राजधानी केली तेव्हाचं नाव देवगिरी. सैन्याने चढायची कुठेच सोय नाही. आधी तटांमागून तट, मग खंदक, खंदकावर अरुंद पूल, मग डोंगराच्या पोटातली वळणावळणाची अंधारी. मास्तर तटावर हात ठेवून म्हणाले, "अण्णा, १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी इथं आला. सुलतान त्याचा चुलता आणि सासरा. त्याला न सांगता आला, बरं का!"

"मग परत कधी गेला?"

"लगेच! रामदेवरावाकडून सोनंनाणं घेतलं आणि गेला माघारी."

"हुशार होता," अण्णा म्हणाले. "आल्याबरोबर परतीचं ठरवलेलं." (परत जाऊन त्याने चुलत्याला मारलं आणि तख्त घेतलं, हे मास्तरांनी पुढे सांगितलं. अण्णांना त्याचं विशेष वाटलं नाही. आडतीत त्यांनी बरेच पुतणे पाहिले होते.)

मग महंमद तुघलक. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची राजधानी इथं आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. दिल्लीतली बडी मंडळी, उलेमा, सूफी यांना घरदार उचलून दक्षिणेत यावं लागलं. आपण अजून त्या माणसाच्या नावाने कारभाराला शिव्या देतो, पण इब्न बतूताचं लिहिणं वाचलं तर त्याच्या रस्त्याची तारीफ करावी लागते. हा मोरोक्कोचा प्रवासी १३४० नंतर दौलताबादेत येऊन गेला. तो सांगतो, की दिल्लीहून इथवर चाळीस दिवसांची वाट. दुतर्फा झाडं, त्यामुळे बागेतून चालल्यासारखं वाटे. मैलामैलाला तीन-तीन टपालचौक्या आणि प्रत्येक चौकीवर वाटसरूला लागणाऱ्या जिनसा. चाळीस दिवस बाजारातूनच चालावं तसा प्रवास! डोंगराकडे नेणाऱ्या सार्वजनिक सोयीचं आमच्या भागातलं मला ठाऊक असलेलं हे सर्वांत जुनं वर्णन. फक्त प्रवाशांना यायचं की नाही, हे विचारलं नव्हतं.

"ते लोक परत गेले?" अण्णा.

"काही वर्षांनी सुलतानाने परवानगी दिली. बरेच गेले. कित्येक वाटेत मेले, कित्येक इथंच राहिले."

अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटलं त्यांना दम लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

अंधारीत वाटाड्याने पलिता पेटवला. वटवाघळांचा तो वास एकदा नाकात बसला की सोमवारच्या वर्गापर्यंत पुरतो. वाटाड्या सांगत होता की शत्रू इथं शिरला की आपापसातच लढून मरायचा. मास्तरांनी त्यावर इब्न बतूता पुन्हा काढला. इथल्या कैद्यांच्या तळघरात मांजरापेक्षा मोठे उंदीर होते आणि मांजरं त्यांना भिऊन पळत, असं तो लिहून गेलाय. हे सांगायला मास्तरांनी नेमकी अंधारातली पायरी निवडली. त्यानंतर उजेडात येईपर्यंत मास्तर स्वतःच धोतर गुडघ्याच्या वर धरून चालत होते.

चिनी महालापाशी गोवळकोंड्याच्या शेवटच्या कुतुबशहाची, तानाशहाची गोष्ट निघाली. १६८७ साली राज्य गेलं, पुढे या किल्ल्यात कैद. "परत?" "नाही. इथंच वारला. खुलताबादेत कबर आहे." माथ्याजवळ जनार्दनस्वामींचं स्थान आहे, तिथं अण्णांनी टोपी काढून नमस्कार केला. स्वामी या किल्ल्यावर अधिकारी होते. त्यांच्याकडे पैठणहून एकनाथ आले, ते बारा वर्षांचं पोर असताना, घरी न सांगता, पायी, असं परंपरा सांगते. पैठण ते दौलताबाद आजच्या रस्त्याने पासष्ट किलोमीटरच्या आसपास. मास्तर मला म्हणाले, "बघा, हा खरा हायकर." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तो गुरूकडे आला होता. हा ठेचा खायला येतो."

खाली उतरून रस्त्याला लागलो. तिथं किल्ल्याच्या बाहेरच्या तटाचा दरवाजा आहे आणि वेरूळचा रस्ता त्याच्यातूनच जात होता. समोरून एक लाल गाडी आली. कंडक्टर खाली उतरून इशारे करतोय, ड्रायव्हर इंचाइंचाने गाडी कमानीत घालतोय, मागे मालट्रकांची रांग. ज्या तटापुढे फौजा महिनोन्महिने खोळंबल्या, त्याच्यातून पन्नास माणसं आणि दोन बोकड पाच मिनिटांत पार झाले. अण्णा पहिल्यांदा हसले ते इथं.

घाट चढून खुलताबाद. हे गाव म्हणजे परत न गेलेल्या माणसांचं गाव, असं माझ्या तेव्हा मनात आलं, कारण अण्णांच्या प्रश्नाची लागण मलाही झाली होती. मलिक अंबर इथं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, १६१० मध्ये खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा. १६२६ ला गेला, या गावात त्याची कबर. आणि ज्या मोगलांना त्याने आयुष्यभर दमवलं, त्यांचा औरंगजेबही इथंच. १६८२ साली तो दख्खनेत येऊन ठाकला आणि पंचवीस वर्षं लढत राहिला. १७०७ मध्ये नगरला मेला आणि त्याला इथं आणून पुरलं. कबर उघडी, साधी. अण्णा विचारायच्या आधीच मास्तर म्हणाले, "नाही अण्णा. याला परतीची गाडी मिळाली नाही." अण्णा म्हणाले, "वेळ विचारून यायला पाहिजे होतं."

याच गावात भद्रा मारुती आहे, निजलेला. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी औरंगाबादेहून हजारो माणसं रात्रभर चालत इथं येतात. त्यांच्या पाठीला सॅक नसते आणि ते त्याला ट्रेकिंग म्हणत नाहीत. अण्णांना ते पटलं. मारुतीच आडवा झालेला पाहून त्यांनी स्वतःही पंधरा मिनिटं देवळाच्या ओसरीवर अंग टाकलं.

वेरुळात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कैलास लेणं आधी वरून पाहावं, कारण ते वरूनच कोरत आणलंय. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी डोंगर माथ्यापासून खोदत गेले आणि आत देऊळ उरलं. अण्णा काठावर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "इथं परतीची भानगडच नाही. एकदा घाव चुकला की चुकला." मुनिमाला खोडून दुरुस्त केलेल्या आकड्याचा किती तिटकारा असतो, हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल, की याहून मोठी दाद अण्णांकडे नव्हती.

इथवर सगळं वेळेत होतं. चूक माझी. मला येळगंगेच्या वरच्या अंगाची गणेश लेणी दाखवायची हौस आली. ओढ्याने वर जायचं, वाट दगडधोंड्यांची, जागा एकांताची, सुरेख. परत फाट्यावर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि चहावाला बाकडी उलटी करून ठेवत होता. शेवटची गाडी गेली होती. तिकिटामागे लिहिलेल्या वेळेलाच गेली होती. अण्णांनी ते तिकीट खिशातून काढलं, वाचलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. बापाने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

चहावाला म्हणाला, "काहून घाबरू राह्यले? तिकडं गावात मुक्कामी गाडी येती. सकाळी साडेपाचला औरंगाबादला निघती. जा बिनघोर."

मुक्कामी गाडी ही काय चीज आहे हे शहरातल्यांना सांगायला पाहिजे. संध्याकाळची शेवटची गाडी आडगावी जाते आणि रात्रभर तिथंच राहते. सकाळी तीच पहिली गाडी होते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या ओट्यावर, नाहीतर गाडीतच झोपतात. गावातली पोरं कॉलेजला जातात, दूध शहरात पोचतं, अडलेली बाळंतीण दवाखान्यात जाते, ते सगळं त्या गाडीच्या भरवशावर. आम्ही तासभर चालून त्या गावात गेलो. लिंबाखाली गाडी उभी होती. ड्रायव्हर मारुतीच्या पारावर घोरत होता आणि आत कंदिलाच्या उजेडात कंडक्टर हिशेब करत बसला होता. आम्हाला त्याने बाकावर झोपायची परवानगी दिली, पण त्याचा चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"दहा पैसे."

"कमी?"

"कमी असते तर खिशातून घातले असते हो. जास्त निघालेत!"

ज्यांना हे खातं माहीत नाही त्यांनी समजून घ्यावं. पैसे कमी भरले तर गरीब, जास्त भरले तर चोर. कुणाचे तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही असा त्याचा अर्थ होतो. मास्तरांना तर पर्वणीच. त्यांनी लगेच एकनाथांची गोष्ट काढली. स्वामींच्या हिशेबात एका पैची चूक होती, नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. कंडक्टर म्हणाला, "त्यांना वर डेपोत साहेब नव्हता, मास्तर."

अण्णांनी चष्मा लावला. "आणा इकडे."

वे-बिल, तिकिटांचे गठ्ठे, प्रत्येक किमतीचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर. अण्णा बोटावर थुंकी लावून एकेक गठ्ठा पाहू लागले. आणि आकडे बघता बघता, मान वर न करता, बोलायला लागले. मला आजही कळत नाही, ते कंडक्टरला सांगत होते की मला.

"पहिल्या गाडीचं विचारत होतात ना मास्तर. त्याच साली, चैत्रात. रझाकारांची धामधूम. हा पाच महिन्यांचा. सगळे म्हणत होते, पलीकडे नगर जिल्ह्यात जा. रात्री निघालो. गंगापुराहून कायगाव, चार-पाच कोस. रस्त्याने नाही, शेतांतून. हा हिच्या कडेवर. नदीकाठी बाभळीत बसलो होडीची वाट बघत. हा रडायला लागला. नाक्यावर ऐकू जाईल म्हणून बोटाला गूळ लावून तोंडात दिला. निम्मी नदी होडीतून, निम्मी गुडघाभर पाण्यातून. टोक्याच्या देवळात रात्र काढली."

एवढी मला माहीत नव्हती. नगरकडे होतो, एवढंच घरात बोललं जाई. माझी पहिली पायपीट पाच महिन्यांचा असताना झाली आणि ठेच्याऐवजी गूळ खाऊन, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

"घराची किल्ली कुणाकडे द्यायची? समोर चाचा राहायचे. त्यांची बायको नि आमची ही एका विहिरीवर. त्यांनाच दिली. ते दारात उभे राहून म्हणाले, भाई, वापस कब आते? मला सांगता येईना. परत यायचं की नाही, कधी यायचं, काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो नि निघालो."

कंदिलाची वात कंडक्टरने वर केली.

"सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. दसऱ्यानंतर आम्ही आलो. आमच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. आतली चमचा-वाटी हललेली नाही. समोर बघतो तर त्यांच्या दाराला कुलूप. आमची किल्ली त्यांनी जाताना कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे ठेवली होती. कुठं गेले? कोणी म्हणे हैदराबादला, कोणी म्हणे आणखी कुठं. ते निघाले तेव्हा त्यांना कोणी विचारलं की नाही, कोण जाणे."

पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या कित्येक गावांत मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. त्याची पाहणी करायला त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. आमच्या शाळेतल्या मुक्तिसंग्रामाच्या धड्यात ते नव्हतं आणि मीही पंचवीस वर्षं तो धडा तसाच शिकवला. त्या रात्री मास्तरसुद्धा गप्प होते. तपकिरीची डबी त्यांच्या हातात तशीच होती.

"हा बघा," अण्णा म्हणाले. "दहा पैशांच्या गठ्ठ्याचा शेवटचा नंबर. हा सात आहे. तुम्ही सहा वाचला. आत चिकटून राहिलाय बघा कागद. एक तिकीट जास्त फाटलंय. हिशेब बरोबर आहे तुमचा."

कंडक्टरने टाळी वाजवली नाही. तो उठला, अण्णांच्या पायाला हात लावला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन दोन मिनिटांत घोरायला लागला. सकाळी साडेपाचला गाडी निघाली तेव्हा आमची तिकिटं मात्र त्याने पूर्ण फाडली. अण्णांना त्याचा फार आनंद झाला. "माणूस सरळ आहे," म्हणाले.

त्यानंतर आम्ही भावंडांनी त्यांची नक्कल केली नाही, असं लिहायला आवडलं असतं. केली. पण धाकट्या भावाला मी ती हकिगत सांगितल्यावर अंत्ययात्रेतली थट्टा बंद झाली. अण्णा स्वतः गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन दौलताबादला निघालो. तिला किल्ला चढायचा होता, मला खाली बसून शेंगा खायच्या होत्या. औरंगाबादला गाडी बदलली. कंडक्टरच्या हातात आता यंत्र असतं, गठ्ठे नाहीत. सात आणि सहाचा घोटाळा व्हायला जागा नाही. मी कार्ड पुढे केलं, माझं शून्याचं तिकीट निघालं. नातीला बायकांच्या सवलतीचं अर्धं. तिने मोबाइलवर सगळी वाट काढून ठेवली होती, चढ किती, उतार किती, चहा कुठं. मी कंडक्टरला विचारलं, "परतीची शेवटची कितीला?"

नात हसली. तिला वाटलं, आजोबा अजून चढलेसुद्धा नाहीत.

"आधी पोचा तर खरं, बाबा," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला. दोन माणसांची तिकिटं काढून परत मागे आला. "साडेसहाला. पण तुम्ही सहालाच फाट्यावर येऊन थांबा. गर्दी असती."

मी ते तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.